निसरडा रॅम्प : वरून रंग नको, मुळापासून दुरुस्ती हवी

चाळीतून आणि झोपडपट्टीतून उंच इमारतीत राहायला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांची संख्या वाढत आहे. वरळीच्या बी. डी. डी. चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतीतील प्रत्येकी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळीत स्कूटर दाराशी उभी राहत असे. उंच इमारतीत मात्र वाहने पोडियमवर किंवा तळघरात लावावी लागतात आणि तेथे जायला काँक्रीटचा उतार, म्हणजे रॅम्प, असतो. त्याची देखभाल आता घरमालक म्हणून आपल्यालाच करायची आहे. शिवाय आपले कितीतरी बांधव वॉचमन, ड्रायव्हर, पार्सल पोहोचवणारे म्हणून अशा रॅम्पवर दिवसभर ये-जा करतात. भगिनी ते झाडतात, पुसतात. अनेक तरुण ठेकेदाराकडे रॅम्पवर कोटिंग मारण्याचे काम करतात. म्हणून हे काम नीट कसे होते, हे प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे.

रॅम्प निसरडा का होतो?

नवा रॅम्प करताना काँक्रीट ओले असतानाच त्यावर आडव्या खाचा पाडतात. टायरला त्या खाचांचा आधार मिळतो. पण उतारावर प्रत्येक गाडी ब्रेक दाबते, वळणावर टायर घासतो, चढताना चाक जोर लावते. काही वर्षांत खाचा झिजतात आणि काँक्रीट गुळगुळीत होते. पावसाळ्यात चाकांबरोबर पाणी, चिखल आणि इंजिनचे तेल आत येते. त्यांचा पातळ थर टायर आणि काँक्रीट यांच्यामध्ये बसला की पकड सुटते. मोटार घसरली तर भिंतीला लागते. दुचाकी घसरली तर माणूसच खाली येतो. मागे पत्नी आणि पुढे मूल असेल, तर सगळ्या घरावरच संकट येते.

अशा वेळी पुष्कळ सोसायट्या स्वस्तातला उपाय करतात. कोणी रॅम्पवर चकचकीत ऑइलपेंट मारतात. त्याने रॅम्प दिसतो नवा, पण ओला झाला की आधीपेक्षा जास्त घसरतो. कोणी सिमेंटचा पातळ लेप देतात. तो जुन्या काँक्रीटला धरत नाही आणि एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. दोन्ही वेळा पैसा जातो आणि धोका तसाच राहतो.

खरी दुरुस्ती कशी होते?

यावर टिकाऊ उपाय म्हणजे रेझिनचे खरखरीत कोटिंग. रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग ठरलेल्या प्रमाणात मिसळले की ते आपोआप घट्ट होते. त्यावर कडक खडीचे दाणे पेरतात आणि तेच दाणे टायरला व चपलेला पकड देतात. क्वार्ट्झची वाळू यासाठी चालते. भट्टीत भाजलेल्या बॉक्साइटचे दाणे त्याहून चांगले, कारण ते घासून गुळगुळीत व्हायला फार काळ लागतो.

मात्र कोटिंगचे आयुष्य त्याच्या खालच्या तयारीवर ठरते. प्रथम हातोडीने ठोकून रॅम्प तपासावा. पोकळ आवाज येईल तेथील सुटलेले काँक्रीट काढून जागा भरावी. गज उघडे पडले असतील किंवा गंजाचे डाग दिसत असतील, तर कोटिंगवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. मार्च १९९७ मध्ये इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन शहरात पायपर्स रो या बहुमजली कार पार्कच्या सर्वांत वरच्या मजल्याचा सुमारे १२० टनांचा भाग खाली कोसळला. वेळ पहाटेची होती म्हणून जीवितहानी झाली नाही. तेथील काँक्रीट आतून खराब झाले होते आणि आधी केलेली ठिगळदुरुस्ती त्याला वाचवू शकली नाही. कोटिंग हा वरचा पोशाख आहे. दुखणे हाडांत असेल तर पोशाख बदलून उपयोग नाही.

त्यानंतर तेल धुऊन काढायचे आणि ग्राइंडरने वरची कमकुवत साय खरवडायची. मग ओल तपासायची. त्याची सोपी रीत अशी : दीड फूट लांबी-रुंदीचे जाड प्लास्टिक काँक्रीटवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करावे आणि किमान १६ तासांनी उचलावे. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळसर पडले असेल, तर आणखी वाळू द्यावे. ओल्या काँक्रीटवर मारलेले कोटिंग फुगते आणि सुटते.

तयारी झाली की आधी प्रायमर, मग रेझिनचा थर आणि तो ओला असतानाच त्यावर भरपूर दाणे. थर घट्ट झाल्यावर सुटे दाणे झाडून घेतात आणि वरून पातळ शेवटचा हात देतात. हा हात जाड झाला तर दाणे त्यात बुडतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. इपॉक्सीवर साधारण एका दिवसाने चालता येते, पण ते पूर्ण पक्के व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्याआधी गाडी नेली तर टायर थर उचलतो. सगळा रॅम्प इतके दिवस बंद ठेवणे शक्य नसेल, तर अर्धी रुंदी आधी आणि अर्धी नंतर करावी. तास-दोन तासांत घट्ट होणारी एमएमए नावाची जात आहे, पण तिचा वास फार उग्र असतो. उघड्यावरच्या रॅम्पला शेवटचा हात उन्हात टिकणाऱ्या पॉलियुरेथेनचा असावा. नुसते इपॉक्सी उन्हाने पिवळे पडते.

कोकणपट्टीत हे काम पावसाळ्यापूर्वीच उरकले पाहिजे. भर उन्हात तापलेल्या रॅम्पवर मात्र रेझिन लावू नये. तापत चाललेल्या काँक्रीटमधील हवा बाहेर येऊन थरात बुडबुडे धरतात. संध्याकाळी काँक्रीट निवू लागले की लावलेला थर चांगला बसतो.

पकड मोजता येते

रॅम्पची पकड डोळ्यांनी ठरवू नये. ब्रिटनमध्ये ती लंबकाच्या यंत्राने मोजतात. रबराची पट्टी लावलेला लंबक ओल्या जमिनीवरून घासत जातो आणि काट्यावर अंक दिसतो. सपाट जमिनीवर ३६ किंवा त्याहून जास्त अंक आला तर घसरण्याचा धोका कमी, २५ ते ३५ मध्ये मध्यम आणि २५ च्या खाली जास्त. उतारावर याहून अधिक पकड लागते. दहा फुटांत एक फूट चढ असेल, तर चालणाऱ्या माणसासाठी साधारण दहा अंक वाढवून धरावेत. यंत्र मिळाले नाही, तरी रॅम्पवरच दोन फुटांचा नमुना करून घ्यावा, त्यावर पाणी ओतून चालून पाहावे आणि मगच पुढचे काम सांगावे. कोरड्या जमिनीची परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

दाणे फार मोठेही नकोत. पडलेल्याचे गुडघे सोलतात, पुसायचे फडके फाटते आणि साफ करणाऱ्या बाईचे हात दुखतात. जेथे माणसे चालतात तेथे बारीक दाण्यांची वेगळी पट्टी ठेवावी. धुण्यासाठी कडक ब्रश आणि साधा साबण पुरे. अ‍ॅसिड टाकू नये.

काम करणाऱ्या हातांचे काय?

या धंद्यातील आपल्या मुलांनी पुढील गोष्टी जिवापाड लक्षात ठेवाव्यात. इपॉक्सीचा कच्चा माल कातडीला लागत राहिला तर अ‍ॅलर्जी होते. ती एकदा जडली की सहसा जन्मभर राहते; नंतर थोडा माल लागला तरी हात सुजतात आणि शिकलेले काम सोडावे लागते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. होजिअरीच्या मोज्यातून माल आत झिरपतो. हात थिनरने कधीही धुऊ नयेत; थिनर कातडीचे तेल काढून टाकतो आणि रेझिनला आत जायला वाट करून देतो. साबण-पाण्यानेच धुवावेत.

पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडू शकतो. काँक्रीट घासताना उडणाऱ्या धुळीतील सिलिकाने फुफ्फुसे कायमची निकामी होतात. नाकाला रुमाल बांधून ही धूळ थांबत नाही. धूळ ओढून घेणारे यंत्र आणि योग्य मास्क हवा. तळघरात पंखे लावून हवा खेळती ठेवावी आणि बिडी-काडी दूर ठेवावी. बादलीत उरलेले मिश्रण एका जागी तापून धुमसते. ते लगेच पातळ पसरून टाकावे.

घरच्या माणसांसाठी दोन सूचना. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. आणि रेझिनचे रिकामे डबे कितीही मजबूत दिसले, तरी पाणी किंवा धान्य भरायला घरी आणू नयेत.

गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचे काम केलेल्या १८ ते ६० वर्षांच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. आपल्या घरातील कामगाराची नोंदणी झाली आहे का, हे आजच विचारा.

सोसायटीच्या सभेत काय विचारावे?

सभेत तीन कोटेशने येतात आणि सर्वांत स्वस्त पास होते. स्वस्त कोटेशनमध्ये कपात बहुतेक वेळा दोनच ठिकाणी होते : खालच्या तयारीत आणि कामगाराच्या सुरक्षेत. म्हणून भगिनींसह सर्व सभासदांनी पुढील गोष्टी कोटेशनमध्ये लिहून मागाव्यात.

१. ठोकून तपासणी, ग्राइंडिंग आणि ओलीची चाचणी केली जाईल.
२. कोणते रेझिन, कोणते दाणे, किती थर, हे स्पष्ट असेल.
३. ओल्या नमुन्याची परीक्षा सभासदांसमोर होईल.
४. गाड्या सोडण्याची मुदत माल बनवणाऱ्या कंपनीच्या कागदाप्रमाणे पाळली जाईल.
५. हातमोजे, मास्क आणि धूळ ओढण्याचे यंत्र ठेकेदार पुरवील आणि त्याचा खर्च दरात दाखवील.

पाचवे कलम परक्यावर उपकार म्हणून नव्हे. आपल्या रॅम्पवर आज घासायला बसलेला मुलगा दुसऱ्या एखाद्या वस्तीतला, पण आपल्याच कष्टकरी घरातला असतो. त्याचा हात शाबूत राहावा आणि आपल्या मुलांची स्कूटर सुखरूप वर यावी, या दोन्ही गोष्टी एकाच कोटेशनमध्ये बसतात. पुढचा पावसाळा येण्याआधी ही मागणी सभेपुढे ठेवा.