अंगावर पित्त उठलं, गोळी कोणती?
नाव पित्ताचं, पण गांधी उठतात त्या त्वचेतल्या हिस्टामिनमुळे. आमसुलाच्या पाण्याने गार वाटतं, एवढंच. ॲव्हिलसारखी जुनी गोळी खाज थांबवते, पण झोप आणते. ती घेऊन मोरगावहून बारामतीला दुचाकीवर निघू नये. सेटिरिझिनने (मोठ्यांना 10 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा) गुंगी कमी, तरी काहींना पेंग येतेच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. फेक्सोफेनाडिनने सहसा झोप येत नाही. मात्र ती पाण्याबरोबर घ्यावी, फळांच्या रसाबरोबर नको. बांधावरच्या गाजरगवताने येतं ते बहुतेकदा इसब. तिथे या गोळ्या अपुऱ्या पडतात. ओठ-जीभ सुजली, दम लागला, तर गोळी शोधत न बसता थेट रुग्णालय गाठावं.