माहेरपण की कामावर हजेरी?

मैत्रिणींनो, शनिवारी शाळा सुटली की मी तशीच एस.टी. पकडते. जिन्यात शेजारच्या काकू हटकून विचारतात, "काय, माहेरपणाला वाटतं?" मी हसून हो म्हणते. तुम्हीही म्हणत असाल!

तिथे गेल्यावर पहिलं काम आईच्या बी.पी.च्या गोळ्या मोजायचं. एखादी जास्त उरली असेल तर ती कुठल्या दिवशी चुकली, हे तिला न दुखवता काढून घ्यायचं. बाबांच्या मागे तिला पेन्शन मिळते, म्हणून दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तिला रिक्षाने बँकेत न्यायचं. आत्याकडच्या लग्नाचा आहेर लक्षात ठेवायचा. फोनवर वहिनीशी काही कुरबुर झाली असेल, तर दोघींचं ऐकून घ्यायचं आणि एकीचं दुसरीला सांगायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत जड, बरं का!

दादा पुण्याहून दरमहा पैसे पाठवतो. ते पासबुकात उमटतात. त्यामुळे आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "दादा सगळं बघतो." ते मलाही खरंच वाटे. पण गेल्या मार्चमध्ये मी तापाने आडवी झाले, तीन आठवडे जाणं झालं नाही. गोळ्या संपून पाच दिवस झाले तरी कुणाला पत्ता नाही. आई न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडली. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांवरही टाकली. पैकी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घरोघरी होतात. माझीही झाली आहे, राजीखुशीने. जबाबदारीचं सोडपत्र मात्र कुणी पुढे करत नाही!

भांडण मला जमत नाही. मी शाळेच्या जुन्या वहीत सगळी कामं लिहिली आणि दिवाळीत दादापुढे ठेवली. अडीच पानं झाली होती. तो बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, "एवढं असतं?" राग आला, खोटं कशाला सांगू? पण आता दर रविवारी तो फोनवर आईकडून गोळ्या मोजून घेतो. दोनदा विसरला, मी आठवण केली नाही, वहिनीने केली.

मागच्या शनिवारी आईने मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. जेवून जी आडवी झाले, ती चार वाजता चहाच्या हाकेनेच उठले.