विकणे आहे: 1968 ची जीप

काटोलकडच्या आमच्या शेतावरची जीप विकायची आहे, हे चार लोकांत बोलून दाखवल्यापासून फोन सुरू आहेत. फोन करणारे बहुतेक नागपुरातले, तरुण, नोकरीधंद्यात स्थिरावलेले. प्रश्न ठरलेले: ताई, रुंद टायर बसतील का, डिझेल इंजिन टाकता येईल का, मिलिटरीचा रंग मारून मिळेल का. पुढची चाकं ओढतात का, हे फार थोडे विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा, बाकीचं सगळं नंतर. जुनी जीप घ्यायची ती त्यासाठीच.

गाडी महिंद्राची, सीजे-3बी, पेट्रोल. बाबांनी ती एका ठेकेदाराकडून जुनीच घेतली होती. हिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा बरंच उंच आहे आणि त्याचं कारण आतल्या इंजिनात आहे. ही जीप मूळ काढणाऱ्या अमेरिकेतल्या विलीज कंपनीने 1953 मध्ये या मॉडेलला 'हरिकेन' इंजिन दिलं. त्यात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, धूर बाहेर काढणारे खाली ब्लॉकमध्येच राहिले. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट उचलावं लागलं. इंजिन 2.2 लिटरचं, ताकद सत्तरेक हॉर्सपॉवर. जाणकार म्हणवणारे काही जण या उंच कपाळामुळे तिला कुरूप म्हणतात. मला ती तशीच देखणी वाटते.

या गाडीचं कूळ दुसऱ्या महायुद्धातलं. 1940 मध्ये अमेरिकी लष्कराला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती आणि नमुन्यासाठी मुदत होती 49 दिवसांची. बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि नमुना मुदतीत हजर केला. पण हजारोंनी गाड्या काढायचं बळ त्या कंपनीत नव्हतं. मोठं काम विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेलं आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप काढल्या. बॅन्टमचं नाव आज क्वचितच कोणी घेतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे ती आली महिंद्रांमुळे. 1945 मध्ये सुरू झालेली 'महिंद्रा अँड महंमद' ही पोलादाच्या व्यापारातली कंपनी. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याआधीच, 1947 मध्ये, विलीजच्या पहिल्या 75 जीप सुट्या भागांच्या रूपात आल्या होत्या. 1949 पासून मुंबईत माझगावला जुळणी होऊ लागली आणि 1954 पासून करार करून उत्पादन. आमची गाडी ज्या साली तयार झाली, त्याच 1968 साली अमेरिकेत सीजे-3बी बंद झाली. इथे मात्र ती पुढे कित्येक वर्षं निघत राहिली. 2010 मध्ये आलेली थार याच घराण्यातली.

आता पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्यांविषयी. ड्रायव्हरच्या पायाशी, जमिनीतून वर आलेले तीन दांडे आहेत. मोठा नेहमीच्या गिअरचा, तीन गिअर पुढे आणि एक मागे. बाकीचे दोन लहान, आणि गाडीचा जीव त्यांच्यात आहे. एकाने पुढचा अ‍ॅक्सल जोडला जातो. दुसऱ्याने 'लो' पडतो. लो टाकायचा तर आधी पुढची चाकं जोडावी लागतात, नाहीतर दांडा हलतच नाही. ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे, कारण लो मधली सगळी ताकद एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर आली तर तो टिकणार नाही.

लो म्हणजे काय ते आकड्यात सांगते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा वेग 2.8 पट कमी होतो, लो मध्ये आणखी 2.46 पट, आणि अ‍ॅक्सलमध्ये 5.38 पट. गुणाकार सदतिसाच्या आसपास येतो. चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनाचे सदतीस फेरे. लो नसेल तर हाच आकडा पंधरा. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर ठेवलं, तर गाडी तासाला साडेतीन-पावणेचार किलोमीटरने सरकते, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्या वेगाने. वेग जितका घटतो तितका जोर वाढतो. सत्तर हॉर्सपॉवरची गाडी खच्चून भरलेली ट्रॉली चिखलातून काढते, ती या हिशेबाने.

हा हिशेब आमच्याकडे कामाला येत होता पांदणीत. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडणीला येतात आणि नेमका त्याच सुमारास परतीचा पाऊस येऊन जातो. दोन वावरांमधून जाणारी पांदण, तीही काळ्या मातीची. ही माती पाणी प्यायली की फुगते, चाकाला थरावर थर चिकटतात, टायरच्या खाचा बुजतात आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरू लागतं. उन्हाळ्यात याच जमिनीला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. पिकलेला माल झाडावर थांबत नाही, आणि ट्रक उभा डांबरी सडकेवर. बागेपासून सडकेपर्यंतचा तो तुकडा बैलबंडीला अख्खी सकाळ घ्यायचा. जीप ट्रॉली लावून फेऱ्या मारायची. तिथून माल नागपूरला, आधी स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटात आणि पुढे कळमन्याला.

तिचे मूळचे टायर सहा इंची, अरुंद, आडव्या जाड पट्ट्यांचे. आमच्या मातीत अरुंद टायर वरचा गारा कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. रुंद टायर वाळूत चांगला, कारण तिथे वजन पसरायला हवं असतं. काळ्या चिखलात तो वरच्या वर तरंगतो आणि माती थापून घेतो. म्हणून रुंद टायरचा प्रश्न आला की मी आधी विचारते, गाडी नेणार कुठे?

चिखलात चालवायची रीत बाबांनी शिकवली. पुढची चाकं चिखलात शिरण्याआधी जोडायची, फसल्यावर नाही. लो, दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर एका जागी ठेवायचा. थांबायचं नाही, घाईही करायची नाही. ओढ कमी वाटली तर स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवायचं, म्हणजे टायरच्या कडांना नवी माती सापडते. नाल्यात पाणी जास्त असलं तर फॅनबेल्ट उतरवायचा, नाहीतर पंखा पाणी उडवून करंट मारतो आणि पेट्रोल गाडी मध्येच बंद पडते. पलीकडे निघाल्यावर ब्रेक हलका दाबत थोडं अंतर जायचं, कारण चारही चाकांचे ड्रम ओले असतात आणि ओला ब्रेक लागत नाही.

या गाडीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची चाकं जोडून चालवू नये. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण या गाडीत दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. हा फरक जिरायला मातीत चाक थोडं घसरतं, डांबरावर घसरत नाही आणि सगळा ताण दातऱ्यांवर येतो. दुसरं, चारही चाकं ओढतात याचा अर्थ चारही अडकत नाहीत असा नाही. पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत गेलं, तर इंजिनाची ताकद त्या मोकळ्या चाकांत वाया जाते. आणि सीटबेल्ट, एअरबॅग यांतलं काहीही तिच्यात नाही. मुलाबाळांना घेऊन समृद्धी महामार्गावर जायची ही गाडी नव्हे, हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते.

विकत घेणाऱ्याने काय पाहावं? आमच्या मिस्त्रींचं म्हणणं, 'रंग काय पाहता, खाली झोपून पाहा.' चेसिसला कुठे गंज आहे, कुठे वेल्डिंग आहे. पुढचा अ‍ॅक्सल आहे तरी का. पेट्रोल वाचवायला आणि दुरुस्तीचा खर्च टाळायला पुष्कळ मालकांनी पुढचा शाफ्ट काढून भंगारात दिला, दांडे मात्र शोभेला राहिले. चारही चाकं उचलून, फोर व्हील लावून फिरवून पाहावं. पुढच्या चाकांच्या आतल्या गोलाकार सांध्यांतून ग्रीस गळतं का, लो मधून दांडा आपोआप सुटतो का. हे सगळं जमलं तर उडालेल्या रंगाची काळजी करू नये.

मग कागद. चेसिस आणि इंजिनावर ठोकलेले नंबर आरसीशी जुळलेच पाहिजेत. पेट्रोल काढून डिझेल टाकलं असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी. कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात मनमानी बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे छत कापायचे आणि बॉडी बदलायचे बेत माझ्यापाशी बोलू नयेत. नाव बदलण्यासाठी 29 आणि 30 नंबरचे फॉर्म मी सही करून देईन.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी म्हणून तिला 'व्हिंटेज' नोंदणीही मिळू शकते. 2021 च्या नियमांप्रमाणे त्यासाठी 20 हजार रुपये शुल्क आहे आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण मग ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. ज्याला काम करून घ्यायचंय त्याने या वाटेला जाऊ नये. साधी नोंदणीच ठेवावी आणि दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी. कष्टाची गाडी काचेआड ठेवणं मला पटत नाही.

काही जण विचारतात की त्याच पैशात जिप्सी किंवा जोंगा का घेऊ नये. जिप्सी उत्तम, हलकी, एका टनाच्या आसपास. ताडोबा-पेंचमध्ये पर्यटक फिरवताना तुम्ही ती पाहिली आहेच. नुसतं भटकायचं असेल तर खुशाल ती घ्या. जोंगा जबलपूरच्या लष्करी कारखान्यातली, जवळपास चार लिटरचं निस्सानचं इंजिन, ताकद अफाट आणि पेट्रोलची भूकही तशीच. ट्रॉली ओढायची असेल आणि वाट अरुंद असेल, तर मी आमच्या जीपच्या बाजूने बोलेन.

विकण्याचं कारण सरळ आहे. पांदणीवर आता खडी पडली, बराचसा भाग पक्का झाला, आणि पिकअप थेट बागेत येऊन कॅरेट भरून नेतात. जीप शेडमध्ये उभी असते. उभ्या गाडीची रबरं कडक होतात, टाकीत गंज धरतो, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. गडचिरोलीकडे किंवा मेळघाटाकडे जमीन असलेला, जिथे रस्ता अजून पोचला नाही असा कोणी आला, तर किमतीत मी बरंच खाली येईन.

गाडीबरोबर हँडल, टोचनची साखळी, जुना कार्बोरेटर आणि एक जास्तीचा टायर मिळेल. बघायला यायचं तर उन्हाळ्यात येऊ नका, एक-दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर या. नागपूरहून काटोल साठेक किलोमीटर आहे. आमच्या शेवटच्या धुऱ्यापलीकडचा तुकडा अजून कच्चाच आहे. तिथे फोर व्हील लावून तुम्ही चालवा, मी शेजारी बसेन. पैशाचं त्यानंतर बोलू.