जुन्या ट्रॅक्टरसाठी नांगर बघताना

गुरुग्रामच्या काचेच्या इमारती मागे टाकून पतौडीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात बाजरी-मोहरीची शेतं सुरू होतात. तिथल्या एका शेतकऱ्याशी माझी जुनी ओळख आहे. सगळं गाव त्यांना ताऊ म्हणतं, मीही तेच म्हणतो. मे महिन्यात त्यांनी बोलावून घेतलं. गव्हाचं रान मोकळं झालं होतं, उन्हाळी नांगरट करायची होती आणि दारातल्या ३५ अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरला नांगर घ्यायचा होता. "तुम्ही काळ्या मातीतले लोक," ताऊ म्हणाले, "नांगर तुम्हाला कळतो."

मला तो कळला तो पैसे घालवून. माझ्या मामांची जमीन पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडीपासून जवळच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी तो घेत नव्हते. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि त्याच नांगरानं तो सगळा मुलूख बदलला. अशा मुलखात राहून आम्ही नांगर निवडताना चुकलो, याचं मला अजून वाईट वाटतं. शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरमागे दोन फाळांचा हायड्रॉलिक पलटी नांगर झोकात चालायचा, म्हणून मामांनी आपल्या जुन्या ३५च्या ट्रॅक्टरला तसाच आणला. पहिलं तास संपलं, बांधाशी मामांनी नांगर उचलला आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीपासून वीतभर वर आली. स्टिअरिंग हातात, पण वळायचं कशावर? दोन हंगामांत क्लच प्लेट गेली, तिसऱ्या वर्षी नांगर निम्म्या किमतीत विकला.

कुठे चुकलं, ते साध्या हिशेबात दिसतं. नांगर ओढायला किती जोर लागतो, हे तासाची रुंदी, खोली आणि मातीचा चिवटपणा या तिन्हींच्या गुणाकारावर ठरतं. बारा इंची दोन फाळ म्हणजे ६० सेंटिमीटर रुंदी. वीस सेंटिमीटर खोल गेलं तर १,२०० चौरस सेंटिमीटर माती एका वेळी कापायची. पतौडीसारख्या रेताड पोयट्यात दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३५० ग्रॅम जोर धरला, तर ४२० किलो ओढ लागते. मामांच्या रानासारख्या काळ्या चिकण मातीत हाच आकडा ८०० ग्रॅमपर्यंत सहज जातो, म्हणजे ९६० किलो. नांगर तोच, ट्रॅक्टरही तोच, पण ओढ दुपटीहून जास्त.

आता ट्रॅक्टरची बाजू. कागदावर ३५ अश्वशक्ती असली, तरी मोकळ्या रानात ओढायला हाती येते ती साधारण निम्मी. इंजिन झिजलेलं असेल तर त्याहून कमी. पण त्याही आधी आडवं येतं ते वजन. भुसभुशीत रानात ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या जेमतेम निम्मी ओढ देतो, पुढे चाक जागेवर फिरतं. या वर्गातला ट्रॅक्टर पावणेदोन-दोन टनांच्या आसपास असतो. म्हणजे मामांचा ट्रॅक्टर पहिल्या दिवसापासून आपल्या ताकदीच्या शेवटच्या टोकाला जुंपलेला होता. विक्रेत्यानं अश्वशक्ती विचारली होती, वजन विचारलं नव्हतं. आम्हीही सांगितलं नाही.

म्हणून ताऊंकडे गेल्यावर मी आधी नांगरांची माहितीपत्रकं बघितलीच नाहीत. ट्रॅक्टरची लिफ्ट बघितली. मागच्या दोन हातांना शेजारच्यांचा नांगर अडकवून पूर्ण वर उचलला, इंजिन बंद केलं आणि नांगर जमिनीपासून किती वर आहे ती खूण फाटकाच्या खांबावर खडूनं केली. चहा होईपर्यंत नांगर खुणेच्या चार बोटं खाली आला होता. म्हणजे आतले सील झिजलेत. अशा लिफ्टवर जड पलटी नांगर टांगणं म्हणजे दुखऱ्या कमरेवर पोतं देणं. शिवाय हायड्रॉलिक पलटीला तेलाची वेगळी जोडणी लागते. ताऊंच्या ट्रॅक्टरला ती नाहीच. मग पिना मोजल्या. खालच्या हातांची पीन २२ मिलिमीटरची निघाली, म्हणजे पहिल्या वर्गाची. मोठ्या नांगरांना दुसऱ्या वर्गाची, २८ मिलिमीटरची लागते. बुश घालून जुगाड होतो, पण मोठी पीन मोठ्या ओढीसाठी असते, हे विसरू नये.

वरच्या मधल्या दांड्याकडे, म्हणजे टॉप लिंककडे, मी जास्त वेळ थांबलो. नांगर कडक जागी अडला की टॉप लिंकवर दाब येतो, तो दाब ओळखून लिफ्ट नांगर किंचित वर घेते आणि चाकांवर भार टाकते. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं शंभर वर्षांपूर्वी ही करामत बसवली आणि १९३९च्या फोर्ड ट्रॅक्टरबरोबर ती जगभर गेली. हलक्या ट्रॅक्टरला नांगर झेपतो तो तिच्यामुळे. जुन्या ट्रॅक्टरमध्ये नेमकी हा दाब ओळखणारी स्प्रिंग आणि तिचा लिव्हर जाम झालेला असतो, कारण वर्षानुवर्षं ट्रॉली ओढताना त्याला कुणी हात लावलेला नसतो. ताऊंचा लिव्हरही गंजून बसला होता. फरिदाबाद शेजारीच, आयशर, एस्कॉर्ट्सचे जुने ट्रॅक्टर तिथलेच, त्यामुळे जुने सुटे भाग आणि ते बसवणारे हात मिळायला अडचण नाही. नांगराआधी दुरुस्ती, असं ठरलं.

नांगराचा प्रकार मातीनं ठरवला. सोहन्याकडे अरवलीचे दगड लागतात, तिथे तव्यांचा नांगर बरा. तवा दगडावरून घरंगळत पुढे जातो. फाळ मात्र अडतो, आणि अडल्यावर आधी तुटून नांगर वाचवणारा शिअर बोल्ट नसेल तर काहीतरी वाकतंच. ताऊंच्या रानात दगड नाही. बांधाकडून आत सरकणारी हराळी आहे. ती मुळासकट उलथून मे महिन्याच्या उन्हात टाकायची, तर माती पलटणारा फाळाचा नांगरच हवा.

आणि तोही उन्हाळ्यातच. पावसाळ्यानंतर इथे मोहरी पेरतात ती जमिनीतल्या ओलाव्याच्या भरवशावर. तेव्हा माती पलटली की वाफसा उडून जातो. त्या दिवसांत हॅरो फिरवायचा आणि मागोमाग सुहागा, म्हणजे आपली फळी. तेव्हा नांगर घातला असता तर मोहरी उगवलीच नसती.

पैशांचं बोलणं शेवटी निघालं, आणि जुन्या ट्रॅक्टरसाठी किती खर्च करायचा हा प्रश्न आला. दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांवरच्या डिझेल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तो आदेश उचलून धरला, मग १२ ऑगस्ट २०२५ रोजी तूर्त कारवाई नको असं सांगितलं. जुना ट्रॅक्टर दारात असलेल्या प्रत्येक घरात या तारखांची धास्ती आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून नांगर असा घ्यायचा की ट्रॅक्टर बदलला तरी तो नव्यामागे चालावा. नवा ट्रॅक्टर घेताना, किंवा जुनाही विकत घेताना, त्या मॉडेलचा बुधनीच्या सरकारी चाचणी संस्थेचा अहवाल मिळवावा. लिफ्ट किती किलो उचलते, ओढ किती मिळते, हे त्यात मोजून लिहिलेलं असतं. हे अहवाल विक्रेत्याच्या टेबलावर का नसतात, याचा मला राग येतो.

ताऊंनी बारा इंची दोन फाळांचा साधा, एकाच बाजूला माती टाकणारा नांगर घेतला. लिव्हर सुटल्यावर आम्ही मागच्या टायरवर चुन्याची रेघ ओढली. नांगर उचललेला असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर ४० मीटर गेला, नांगर लावल्यावर ३५ मीटर. म्हणजे घसरण साडेबारा टक्के. पंधराच्या वर गेली असती तर मी एक फाळ काढायला लावला असता.

साध्या नांगराची एक खोड आहे. माती एकाच बाजूला पडते, त्यामुळे रानात कुठे वरंबा उठतो, कुठे चर राहतो, आणि पाणी देताना त्रास होतो. त्यावर जुना उपाय आहे: एक वर्ष नांगरट मधून सुरू करायची, पुढच्या वर्षी कडेनं. ताऊंनी रानाच्या मधोमध किकरच्या, म्हणजे बाभळीच्या, दोन खुंट्या ठोकल्या आणि नातवाला बजावलं, "या वर्षी इथून. पुढल्या वर्षी बांधाकडून. खुंट्या उपटू नकोस."