नवी विहीर, घरातला हिशेब

शेतकरी बंधूंनो, कर्ज काढून विहीर पाडली, मोटार बसवली, ठिबक जोडलं, की रात्रीबेरात्री दारं धरायचा तुमचा त्रास कमी होतो. पण पाणी आलं म्हणजे दुसरं पीकही आलं. मिरची लावा नाहीतर टोमॅटो; लावणी, खुरपणी, तोडणी बहुतेक बायांच्याच अंगावर पडते. पट्टी मात्र कारभाऱ्याच्या नावाने होते! खुरपणीऐवजी तणनाशक मारलं, तर गावातल्या बायांचा रोज बुडतो आणि फवारणीचा रोज पुरुषाला जातो. विहिरीचा खर्च मांडताना हेही धरावं, कारभारणीला विचारावं.

सातबारा तुमच्या एकट्याच्या नावावर, म्हणून पीककर्जही तुम्हालाच. १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती परिपत्रकाप्रमाणे पत्नीचं नाव त्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. अर्ज नवऱ्यानेच करायचा असतो. तलाठ्याकडे चौकशी करा.