करंगळीखालचा ‘च’

मराठी माणसाचं बोलणं ‘च’शिवाय पुढे सरकत नाही. ‘मी येणारच’, ‘ते तसंच आहे’, ‘नाहीच म्हणून सांगितलं’. ठामपणाची ही आपली जुनी खोड एक दिवस मला महागात पडेल असं वाटलं नव्हतं. पण पडली. संगणकावर मराठी लिहिण्याची जी सरकारमान्य मांडणी आहे, इनस्क्रिप्ट नावाची, तिच्यात ‘च’ उजव्या करंगळीखाली येतो. शेजारचा ‘ट’ तिचाच. वरच्या ओळीतले ‘ज’ आणि ‘ड’ही तिचेच. शिवाय एंटर, खोडायचं बॅकस्पेस आणि उजवीकडची शिफ्ट. हातातलं सगळ्यात दुबळं बोट, आणि त्याच्या वाट्याला एकत्र कुटुंबातल्या धाकट्या सुनेची कामं! दोन वर्षांपूर्वी ही करंगळी सकाळी उठल्यावर वाकेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, “सांध्यांची झीज आहे. टायपिंग कमी करा.” कादंबरीची एकोणीस प्रकरणं झाली होती, पाच राहिली होती.

पेन हातात धरून पाहिलं, तर दुखणं मनगटापर्यंत चढलं. तोंडाने बोलून लिहिण्याची सोय मोबाइलमध्ये आहे म्हणून तीही करून पाहिली. पण माझी पात्रं माझ्याच आवाजात भांडताना ऐकून मला लाज वाटू लागली आणि शेजारच्यांना काळजी.

अशा वेळी पुण्याचा पुतण्या चार दिवस राहायला आला. त्याने माझा लॅपटॉप जवळ ओढला, दोन ओळी बडवून पाहिल्या आणि म्हणाला, “काका, अर्धं दुखणं बोटात असेल, पण अर्धं या पाट्यात आहे.” या मुलाचा फावल्या वेळचा उद्योग म्हणजे कीबोर्ड उघडायचे, त्यांचे सुटे भाग बदलायचे आणि पुन्हा जोडायचे. घरात आम्ही सगळे त्याला हसत असू. तरुण मुलाने गिटार घ्यावी, ट्रेकला जावं. बटणं कसली पुसत बसतो?

त्याचं म्हणणं असं होतं. आजचे बहुतेक स्वस्त कीबोर्ड रबरावर चालतात. प्रत्येक बटणाखाली रबराची इवलीशी टोपी असते. ती पार चेपून तळाला टेकली की अक्षर उमटतं. म्हणजे अक्षरागणिक बोट तळावर आपटणं आलंच. मेकॅनिकल म्हणतात त्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात स्प्रिंग, धातूची पाती आणि वरखाली सरकणारा दांडा. हा दांडा साधारण चार मिलिमीटर खाली जाऊ शकतो, पण निम्म्या वाटेवरच अक्षर उमटतं. पुढचे दोन मिलिमीटर बोटाला मोकळे. सवय झाली की तळ गाठावाच लागत नाही.

हे ऐकताना मला आमची शाखा आठवली. मी बँकेत लागलो तेव्हा पत्रव्यवहार टाइपरायटरवर चाले. गोदरेजने १९५५ साली पहिलं भारतीय बनावटीचं टाइपरायटर तयार केलं. त्यानंतर अर्धशतकभर सरकारी आणि बँकांच्या कचेऱ्यांचा आवाज म्हणजे त्याची खटखट. पुढे १९८३ साली संघटनांशी यंत्रीकरणाचा करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि काही वर्षांत लेजर पोस्टिंगची यंत्रं आमच्याही शाखेत येऊन बसली. त्यांची बटणं खोल होती, दाबली की उत्तर देत. आकड्यांच्या चौकटीवर आमचे हेडक्लार्क न बघता शंभर व्हाउचरं टाकत, आणि प्रत्येक रकमेनंतर एंटर मारायला करंगळी! माझ्या करंगळीच्या कर्माची सुरुवात तिथली असावी.

त्या पिढीतला सगळ्यात नावाजलेला कीबोर्ड म्हणजे आयबीएमचा १९८५ साली आलेला ‘मॉडेल एम’. त्याच्या बटणाखालची स्प्रिंग दाबत नेली की एका क्षणी कडेला लवते आणि खालची छोटी हातोडी उडवते. टक्! बोटाला आणि कानाला एकाच वेळी पोच मिळते. वजन दोन किलोच्या वर. संगणक स्वस्त होत गेले तशी ही चैन कुणाला परवडेना आणि रबराच्या टोप्या आल्या. पण त्या जुन्या स्प्रिंगांचे भक्त संपले नाहीत. अमेरिकेत केंटकी राज्यातली युनिकॉम्प ही कंपनी त्याच जातीचे कीबोर्ड १९९६ पासून बनवत आली आहे.

जपानमध्ये त्याच १९९६ साली ‘हॅपी हॅकिंग कीबोर्ड’ निघाला. त्यामागचे प्राध्यापक एइइती वादा यांचा युक्तिवाद मला फार आवडला. वाटेत घोडा मेला तर काउबॉय त्याला तिथेच सोडतो, पण खोगीर पाठीवर घेऊन चालू लागतो, कारण ते त्याच्या अंगाला बसलेलं असतं. संगणक घोडा, कीबोर्ड खोगीर. आपल्याकडे बिचाऱ्या खोगिराचं नाव फक्त ‘खोगीरभरती’त उरलं.

आजच्या हौशी लोकांचा सगळा संसार मात्र उभा आहे तो चेरी कंपनीच्या ‘एमएक्स’ स्विचवर. कंपनी मूळची अमेरिकन, पुढे जर्मनीत स्थिरावलेली. हा स्विच १९८०च्या दशकातला. त्याचे रंगांवरून प्रकार: लाल सरळ खाली जातो, तपकिरी मध्ये किंचित अडखळतो, निळा अडखळून वर आवाजही करतो. पेटंटची मुदत संपल्यावर गॅटरॉन, केल अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे शेकडो प्रकार काढले, आणि दांड्याचं वरचं टोक अधिकाच्या चिन्हासारखं राहिल्यामुळे कुणाचंही बटण कुणाच्याही स्विचवर बसू लागलं. २०२० सालच्या टाळेबंदीत लोक घरी बसले आणि हे वेड जगभर फोफावलं.

पुतण्याने माझ्यासाठी सत्त्याऐंशी बटणांचा एक सांगाडा मागवला. त्यात स्विच डाग देऊन चिकटवलेले नसतात. चिमट्याने उपटावेत आणि दुसरे खोचावेत. हे जेवणाच्या टेबलावर दोन दिवस चाललं. एकेक स्विच उघडायचा. वरचं झाकण, दांडा, स्प्रिंग आणि खालचं घर असे त्याचे चार भाग. सत्त्याऐंशी चोक तीनशे अठ्ठेचाळीस. चित्रकाराच्या बारीक ब्रशाने दांड्याच्या कडांना आणि घराच्या खाचांना ‘क्रायटॉक्स’ नावाचं पांढरं वंगण लावायचं, तेही इतकं पातळ की लावल्यासारखं दिसू नये. जास्त झालं तर स्विच चिखलात पाय रुतल्यासारखा वर येतो. पहिले दहा मी बिघडवले. ते पुसून पुन्हा केले. “काका, तुम्ही पुरणपोळीला तूप लावताय,” असं त्याने मला सुनावलंही.

रात्री अकराच्या सुमाराला आमच्या सौभाग्यवती पाणी प्यायला आल्या, त्यांनी क्षणभर पाहिलं आणि खुर्ची ओढून स्प्रिंगा जुळवायला बसल्या. त्यांचा हात आमच्या दोघांपेक्षा हलका निघाला.

लांब बटणांचं, म्हणजे स्पेसबारचं प्रकरण निराळं. ते तिरपं होऊ नये म्हणून खाली तारेची चौकट असते आणि ती खुळखुळते. त्यावर जगन्मान्य उपाय आहे जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा: बारीक तुकडा कापून तार टेकते तिथे डकवायचा. घरातली औषधांची पेटी अशी रिकामी झाली. सर्किटच्या पाठीला रंगाऱ्यांची कागदी टेप लावली की आवाज भरदार होतो, हेही मी याच वेळी शिकलो. या मंडळींना आवाजाचा कान असतो. तबलजी शाई तपासतो तसे हे बटण ठोकून पाहतात.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट याच्या पुढची. पुतण्याने उजव्या करंगळीखालच्या सगळ्या स्विचमधल्या स्प्रिंगा बदलून हलक्या बसवल्या. म्हणजे ‘च’, ‘ट’, ‘ज’, ‘ड’ नुसत्या टेकण्याने उमटू लागले. मग कीबोर्डाच्या आतला प्रोग्राम बदलायला घेतला. क्यूएमके नावाचा एक खुला प्रोग्राम आहे, त्यात कुठलं बटण काय काम करील हे आपण ठरवायचं. बॅकस्पेस गेलं डाव्या हाताच्या कॅप्स लॉकवर. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे कॅप्स लॉकची ती जागा माझ्या लेखी आयुष्यभर बिनभाड्याची पडून होती. एंटर गेला डाव्या अंगठ्याखाली. उजव्या अंगठ्याशेजारचं एक बटण उरलं. त्याने विचारलं, “इथे काय हवं?”

मी म्हणालो, “ळ.”

इनस्क्रिप्टची मांडणी मोठ्या अकलेची आहे. स्वर आणि मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. त्यामुळे लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात. जुन्या मराठी टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे, इथे उच्चाराच्या क्रमाने मागून येते. पण ही मांडणी साऱ्या भारतीय लिप्यांसाठी एक म्हणून बेतलेली. तिच्यात ‘ल’ला स्वतःची जागा आहे आणि ‘ळ’ त्याच्याच बटणावर, शिफ्ट दाबली तर दिसणारा. हिंदीवाल्यांचं त्यावाचून अडत नाही. आपलं मात्र कपाळ, आभाळ, गूळ, केळ, सकाळ, सगळं त्याच्यावर. चाळीस वर्षं लिहितोय. माझ्या कुठल्या पानावर ‘ळ’ नाही? त्याला एक बटण हवंच होतं.

खर्चाचं सांगायलाच हवं, नाहीतर बँकेतला माणूस कसला! माझ्यासारख्याचं काम चार-पाच हजारांत झालं. पण या नादाला तळ नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या कवचांचे, मर्यादित संख्येत निघणाऱ्या बटणसंचांचे लोक आगाऊ पैसे भरतात आणि माल यायला वर्ष-वर्ष वाट पाहतात. तारण नाही, व्याज नाही. असं कर्ज मी माझ्या सहीने कधी मंजूर केलं नसतं. पुतण्याच्या कपाटात सात कीबोर्ड आहेत. एकावेळी वापरतो एकच. यावर त्याची आई जे बोलते ते मला पूर्ण पटतं, फक्त हल्ली मी तिच्यासमोर मान डोलावत नाही.

करंगळी बरी झाली असं नाही. थंडीत सकाळी अजून कोमट पाण्यात धरावी लागते. पण रोज दोन तास लिहून होतं. विसावं, एकविसावं प्रकरण झालं, बाविसाव्यात नायिकेचे वडील काही केल्या मरायला तयार नाहीत. परवा तिथेच अडून खिडकीबाहेर बघत बसलो होतो, तर स्वयंपाकघरातून हाक आली, “आवाज का थांबला? हात दुखतोय का?”

“नाही,” मी म्हणालो, “सुचत नाहीये.”

“मग चहा टाकते,” त्या म्हणाल्या.