शाळा मोफत, म्हणून संधी समान?

गैरसमज : शिक्षण मोफत आहे, म्हणजे संधी सर्वांना सारखी आहे.

वस्तुस्थिती : १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण फी माफ झाली तरी शाळेत बसायला वेळ मिळेलच असे नाही. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. नाव पटावर राहते, पण वर्गात अपूर्णांक शिकवले जात असतात तेव्हा थोरली मुलगी फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळत असते.

गैरसमज : अशा पालकांनाच शिक्षणाची किंमत नसते.

वस्तुस्थिती : मजूर जमवणारा मुकादम हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती बहुधा नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, फेडायची असते. मग मुलांसाठी दोघांपैकी एकाने गावी थांबायचे कसे? घरी सांभाळायला आजी-आजोबा असतील तर मूल शाळेत टिकते. नसतील तर आईबापाबरोबर फडावर जाते. जिथे निवडीलाच जागा नाही, तिथे आस्थेची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. म्हणूनच हंगामी वसतिगृहांची सोय निघाली आणि २०२१ मध्ये राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली.

गैरसमज : जिद्द असली की कुठूनही वर येता येते.

वस्तुस्थिती : ऊसतोड कामगारांची मुले अधिकारी झाल्याची उदाहरणे खरी आहेत. पण एकाने नदी पोहून पार केली म्हणून पूल नको, असे कोणी म्हणत नाही. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, पण त्याआधीच कोल्हापुरात वसतिगृहांना बळ दिले होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनीही शाळेइतकेच महत्त्व वसतिगृहाला दिले. राहण्या-जेवणाची सोय झाली तरच गरिबाचे मूल शाळेत टिकते, हे दोघांनी ओळखले होते. अशा सोयींनी गुणवत्ता घसरते, हा आक्षेपही टिकत नाही. वसतिगृह कुणाला एक गुणही वाढवून देत नाही. इतरांना घरबसल्या मिळतात तेवढे शाळेचे दिवस मिळवून देते. म्हणून संधी मोजायची तर जूनमधला पट पुरेसा नाही. जानेवारीत, कारखाने जोरात चालू असताना, वर्गात कोण बसले आहे ते मोजायला हवे.